मोरपंखी तपकिरी पडतेय? आधी तपकिरी कुठून सुरू झाली ते बघा

आडगल्ली | १२ जुलै, सकाळी ९:१०

पाऊस सुरू झाला की 'मोरपंखी आतून वाळतेय, काय टाकू?' हा प्रश्न ठरलेला. उत्तरं पण ठरलेली: एक जण बुरशीनाशक सांगतो, दुसरा डीएपी खत, तिसरा म्हणतो पाणी वाढवा. तिघांपैकी कुणीही तपकिरी नेमकी कुठे पडलीय ते विचारत नाही. म्हणून हा धागा.

आधी नावाचा घोळ. नर्सरीत थुजा म्हणून मिळते, घरोघरी मोरपंखी, आणि शाळेतली पोरं जिची डहाळी 'विद्या' म्हणून वहीत ठेवतात ती ही, प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस. मूळची चीन-कोरियाकडची. पूर्वी तिला थुजा ओरिएंटॅलिस म्हणत, तेच नाव नर्सरीवाल्यांच्या तोंडी राहिलं. खरी थुजा म्हणजे थुजा ऑक्सिडेंटॅलिस, उत्तर अमेरिकेच्या थंड भागातली, आपल्या मैदानी उन्हाळ्यात टिकत नाही. ओळखायचं फळावरून: मोरपंखीचं कोवळं फळ निळसर-हिरवं, वर राखट साय आल्यासारखं, आणि प्रत्येक खवल्याच्या टोकाला बाहेर वळलेलं छोटं शिंग. फळ नसेल तर पानं बघा. मोरपंखीचे पंखे उभे असतात, कपाटात लावलेल्या पुस्तकांसारखे, आणि दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच हिरवे.

हे एवढं का सांगतोय, तर नेटवर थुजाच्या नावाने जे सल्ले सापडतात ते बहुतेक त्या अमेरिकन झाडाचे. माती सतत ओलसर ठेवा, वगैरे. आपली मोरपंखी चुनखडी सहन करते, कोरडं सहन करते. साचलेलं पाणी मात्र अजिबात नाही.

आता तपकिरी.

खोडाजवळ आत, चहूबाजूंनी सारखी, आणि बाहेर टवटवीत हिरवं: हा रोग नाही. सदाहरित म्हणजे पानं कधीच न गळणारं झाड नव्हे. आतली जुनी पानं सावलीत जातात आणि वाळतात. पाऊस संपल्यावर हातमोजे घालून पंखे बाजूला करा, फांद्या हलवा, कचरा खाली पाडून उचलून टाका. तो तसाच अडकून राहिला तर आत हवा खेळत नाही.

एकाच बाजूला, बहुधा पश्चिमेच्या किंवा भिंतीच्या: ताप. एप्रिल-मे महिन्यात पांढऱ्या भिंतीची, फरशीची किंवा पत्र्याची झळ लागते.

जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत, तीही रस्त्याकडच्या कोपऱ्यावर: कुत्रं. हसू नका, फाटकाशेजारच्या मोरपंखीचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. लगेच बादलीभर पाणी ओतून धुवा आणि तिथे दोन फुटी जाळी उभी करा. कुठलंही औषध लागत नाही.

हिरव्यावर बारीक फिकट ठिपके, मग धुरकट कांस्य रंग, पंख्यांत जाळी: लाल कोळी, म्हणजे रस शोषणारी अगदी बारीक कीड.

एकच फांदी बुडापासून वाळली, बाकी झाड ठणठणीत: त्या फांदीच्या बुडाशी बघा. भोक, डिंक किंवा आवळलेली सुतळी, यातलं काहीतरी सापडतंच.

आणि सगळं झाड एकदम निस्तेज, मग वाळक्या गवताच्या रंगाचं, मग तपकिरी: मूळ गेलं.

या शेवटच्यात सगळे फसतात. मोरपंखीची पानं खवल्यांसारखी, मेणाच्या थराची. पाणी फार हळू सोडतात. तोडलेली डहाळीसुद्धा कितीतरी दिवस हिरवी दिसते. तसंच मूळ कुजल्यावरही झाड आठवडेच्या आठवडे हिरवं दिसत राहतं. दसऱ्याला तपकिरी पडलेल्या झाडाचं कारण श्रावणातल्या पाण्यात शोधायचं असतं. लोक मात्र दसऱ्याला पाणी वाढवतात.

---

हौदभर | १२ जुलै, सकाळी ११:४५

बरोबर. पण मूळ का जातं, तर नव्वद टक्के वेळा खड्ड्यामुळे. काळ्या मातीत तीन फुटी खड्डा काढायचा, त्यात मुरूम, रेती, शेणखत भरायचं, असं सगळीकडे सांगतात. काळ्या मातीत असा खड्डा म्हणजे हौद. आतलं भुसभुशीत मिश्रण पाणी पटकन पितं, भोवतीची चिकण माती ते बाहेर सोडत नाही. जुलैत वरून जमीन नुसती ओलसर दिसते आणि दोन फुटांवर पाणी उभं असतं.

खात्री करायची तर लागवडीआधी दीड फूट खोल खड्डा काढा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा आणि काठी उभी करून खूण करा. ताशी इंचभर तरी पातळी उतरली पाहिजे. चार-पाच तासांनी खूण तिथल्या तिथेच असेल तर त्या जागी खड्ड्यात लावूच नका.

---

नांगरट | १२ जुलै, दुपारी १:०२

अंशतः सहमत. मुरमाड जमिनीत खड्डा लागतोच, तिथे खाली कठीण थर असतो आणि तो फोडल्याशिवाय मुळं जात नाहीत. दोन बाय दोन बाय दोन फुटांचा पुरतो. सरसकट खड्डा वाईट म्हणू नका.

---

हौदभर | १२ जुलै, दुपारी १:२०

मान्य, मुरमात खड्डा. मी काळ्या मातीबद्दलच बोलतोय. तिथे उंचवटा करायचा. चार फूट व्यासाचा, मधोमध नऊ इंच ते एक फूट उंच, आणि तो मिश्रणाचा नाही, तिथल्याच मातीचा. चौथा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, बास. झाडाचा मुळांभोवतीचा मातीचा गोळा अर्धा जमिनीत, अर्धा उंचवट्यात. जिथे खोड संपून मूळ सुरू होतं तो भाग भोवतालच्या मातीपेक्षा इंच-दीड इंच वर राहायला हवा, कारण ताजी माती पहिल्या पावसात खचते. लॉनमध्ये मोरपंखी खोल पुरून वर आळं करतात ते बघवत नाही. आळं उन्हाळ्यापुरतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात उताराकडची बाजू फोडून टाका.

---

गेरूची कुंडी | १२ जुलै, रात्री ९:३०

यात नर्सरीच्या गोळ्याचं राहिलं. उरुळी कांचन किंवा सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांमध्ये येणारा पुष्कळ माल आंध्रातल्या कडियमचा असतो. गोळा घट्ट लाल चिकणमातीचा, वाळला की अक्षरशः वीट. तो तसाच जमिनीत लावला की पाणी बाजूने निघून जातं आणि गोळा आतून कोरडाच. भोवती चिखल, आत धूळ, आणि मालक म्हणतो पाणी तर रोज घालतोय.

यावर उपाय: लावायच्या आधी पिशवीसकट गोळा बादलीत बुडवा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण पंधरा-वीस मिनिटं. मग पिशवी उभी कापून काढा (ओढून नाही). नळीच्या धारेने बाहेरची इंचभर लाल माती धुवा. सगळी नाही! मुळं पूर्ण उघडी केलेली मोरपंखी क्वचितच सावरते. गोल फिरलेली मुळं दिसतील तिथे धारदार पात्याने तीन-चार उभे चिरे द्या, अर्धा इंच खोल. शेवटी खोडाला बांधलेली सुतळी किंवा प्लॅस्टिकची पट्टी काढा. ती राहिली की दोन-तीन वर्षांनी साल आवळते आणि वर आडगल्ली म्हणतात तशी एकच फांदी वाळते.

घेताना एक बघा: झाड फार भरगच्च वाटलं तर बुडाशी बोट घालून खोडं मोजा. एका पिशवीत दोन-तीन रोपं लावून गोल आकार आणलेला असतो. कुंपणाला चालतं, एकट्या झाडाला नको, कारण मोठी होताना ती एकमेकांपासून फाकतात आणि मधे भगदाड पडतं.

---

पानगळ | १३ जुलै, सकाळी ८:१५

कुंपणासाठी अंतर किती? आणि पाणी नेमकं किती?

---

आडगल्ली | १३ जुलै, सकाळी १०:४०

कुंपणाला दोन ते अडीच फूट. भिंतीपासून निदान तीन फूट, नाहीतर मागची बाजू कधीच भरत नाही. पिवळी बुटकी जात एकटी लावायची तर चारही बाजूंनी चार फूट मोकळे. न छाटता वाढणारी साधी जात वीस फुटांपर्यंत सहज जाते, ती खिडकीसमोर लावू नका.

पाणी: पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, दर वेळी दहा-बारा लिटर, खोडाला चिकटून नाही तर फूटभर लांब गोल. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पंधरा ते वीस लिटर. तिसऱ्या वर्षानंतर पंधरा दिवसांनी. प्रत्येक वेळी आधी बोटाने दोन-तीन इंच खाली चाचपून बघा, ओल असेल तर थांबा. रोज मगभर पाणी ही सवय सगळ्यात वाईट: मुळं वरच राहतात आणि मे महिन्यात भाजतात. वर तीन इंच पालापाचोळा, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून.

खत बेताचं. जूनमध्ये दोन किलो शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेवढंच. युरिया टाकला की लांब, लुसलुशीत, झुकणारी वाढ येते. कोळ्याला ती फार आवडते.

---

नांगरट | १३ जुलै, दुपारी ४:०५

कोळ्याबद्दल लिहितो. हा फेब्रुवारी ते मे या काळातला, कोरड्या गरम हवेतला त्रास. पावसात आपोआप कमी होतो, म्हणून आत्ता कुणी कोळ्यासाठी फवारत असेल तर थांबा.

तपासणी सोपी. पांढरा कागद पंख्याखाली धरा, पंख्याला वरून दोन टिचक्या मारा. कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पडतील. अर्धा मिनिट थांबा. ठिपके चालायला लागले तर कोळी, नाही चालले तर धूळ. चालणाऱ्या ठिपक्यावरून बोट ओढा, तांबूस रेघ उमटली की शंका मिटली.

पहिला उपाय पाणी. नळीच्या जोरदार धारेने, सकाळी, आतून बाहेर, दर तीन दिवसांनी असं चार वेळा. बहुतेक ठिकाणी एवढ्याने भागतं. नाही भागलं तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी, दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. पारा पस्तिशीच्या वर असताना गंधक मारलं तर पानं करपतात आणि मग कोळी बरा होता असं वाटतं. तेव्हा कडुनिंबाचं तेल ५ मिलि आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे थोडे थेंब लिटरभर पाण्यात, ऊन उतरल्यावर. गंधक आणि तेल एकमेकांच्या तीन आठवडे जवळ आणू नका.

दुकानदार बहुधा इमिडाक्लोप्रिड किंवा सायपरमेथ्रिन हातात ठेवतो. ती कीटकांची औषधं आहेत, कोळी कीटक नाही. कोळी खाणारे मित्रकीटक तेवढे मरतात आणि महिन्याभरात कोळी दुप्पट.

---

पानगळ | १३ जुलै, संध्याकाळी ६:३०

कुंपण फार वाढलंय. निम्म्याने कापून घेतलं तर फुटेल ना, मेंदीसारखं?

---

आडगल्ली | १३ जुलै, संध्याकाळी ६:५२

नाही!! माळ्याला आजच फोन करून थांबवा.

मेंदी, जास्वंद, डुरांटा यांच्या जुन्या लाकडात झोपलेले डोळे असतात, बुडाशी कापलं तरी फुटतात. मोरपंखीच्या उघड्या लाकडात ते जवळपास नसतात. पंखा उघडून आत बघा: बाहेर वीतभर हिरवं, आत सगळ्या तपकिरी काड्या. कात्री त्या हिरव्याच्या आतच थांबली पाहिजे. तपकिरीत शिरली की तिथे भोक पडलं, ते कायमचं. शेजारच्या फांदीने झाकलं तर झाकलं.

म्हणून छाटणी थोडी आणि वेळेवर. वर्षातून दोनदा, एकदा पहिल्या चांगल्या पावसानंतर आणि एकदा ऑक्टोबरमध्ये. दर वेळी नव्या वाढीचा फार तर तिसरा हिस्सा. एप्रिल-मेमध्ये अजिबात नको, आतली सावलीतली पानं एकदम उन्हात येतात आणि करपतात. कुंपणाचा पायथा माथ्यापेक्षा रुंद ठेवा, दर फूट उंचीला दोन्हीकडून इंचभर आत. उलटं झालं तर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या जातात आणि कुंपण पायात उघडं पडतं. कोवळ्या शेंड्यांना लांब पात्यांची कात्री, बोटाएवढ्या फांदीला सिकेटर. पाती स्पिरिटने पुसून घ्या.

तुमचं आठ फुटांचं असेल तर उंचीतून यंदा फूटभर काढा, तेही शेंड्याकडून. सहा फूट हवं असेल तर खरं सांगायचं तर नवी रांग लावणं बरं.

---

कोकणपट्टी | १४ जुलै, सकाळी ७:२०

इकडे रत्नागिरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जांभ्यात निचरा असतो, पण कातळाची सपाट फरशी लागली तर तिथेही हौदच. मोरपंखी जगते, पण देखणी राहत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये आतून चिकट काळी पडते. लावायचीच तर सप्टेंबर अखेरीस, वाऱ्याच्या तोंडावर, कौलांच्या पागोळ्या पडतात त्या रेषेबाहेर.

समुद्राजवळ अरोकॅरिया बरा, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही. गोव्यात, वसईत नाताळला सजवतात तोच. लोक त्याला ख्रिसमस ट्री म्हणून कुंडीत आणतात आणि पुढे अंगणात लावतात. त्यावर कुणी लिहील का?

---

हौदभर | १४ जुलै, सकाळी ९:३८

थोडक्यात लिहितो, खरं तर त्याला वेगळा धागा हवा. नॉरफोक बेटाचा म्हणून विकला जाणारा पुष्कळदा न्यू कॅलेडोनियातला त्याचा भाऊबंद, अरोकॅरिया कॉलम्नॅरिस असतो. मोठेपणी अरुंद, खांबासारखा, आणि हमखास कललेला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ही झाडं जगात कुठेही लावली तरी विषुववृत्ताकडे कलतात. म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. तेव्हा घराच्या उत्तरेला लावला तर तो घरावरच कलणार. टेकू देऊन सरळ होत नाही.

घरापासून निदान वीस-पंचवीस फूट लांब, वर विजेची तार नको. कुंडीत गोंडस दिसतो, जमिनीत चार-पाच मजले सहज गाठतो.

शेंडा कधीही कापू नका. त्याची आडवी फांदी कलम म्हणून लावली तर ती आयुष्यभर आडवीच वाढते, सरळ झाड शेंड्यापासून किंवा बीपासूनच होतं. खालचं फांद्यांचं चक्र गळलं की तिथे पुन्हा येत नाही. कुंडीतल्याची खालची चक्रं गळत असतील तर उजेड कमी पडतोय. आणि शहरात पुढेमागे तोडायची वेळ आली तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड स्वतःच्या अंगणात असलं तरी. ते लावतानाच लक्षात घ्या.

---

बाल्कनीबहाद्दर | १४ जुलै, दुपारी १२:१०

कुंडीतल्या मोरपंखीसाठी: चौदा इंची कुंडी, तळाला चार भोकं, खाली विटांचे दोन तुकडे म्हणजे भोकं फरशीला चिकटत नाहीत. ताटली नको. मिश्रण दोन भाग माती, एक भाग जाडी रेती, एक भाग गांडूळखत. नुसत्या कोकोपीटमध्ये पावसाळ्यात मुळं गुदमरतात. दर दोन वर्षांनी काढून बाहेरची इंचभर मुळं कापा, पुन्हा त्याच कुंडीत नव्या मातीत. रोज निदान पाच तास थेट ऊन. बोअरचं पाणी असेल तर मातीवर पांढरी खपली धरते, महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट पाणी ओतून ती धुऊन काढा.

थंडीत पिवळी जात तांबूस-कांस्य झाली तर घाबरू नका. नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत हे होतंच, फेब्रुवारीच्या उबेत रंग परत येतो. ओळख: पंखा हातात चुरला तर लवचिक राहतो. मेलेला कुरकुरीत मोडतो.

---

पानगळ | १४ जुलै, रात्री ८:४५

कुंपण वाचलं, धन्यवाद. पण रांगेतलं शेवटचं झाड आडगल्लींच्या यादीतलं शेवटचं लक्षण दाखवतंय, सगळंच निस्तेज. गेलं का ते कसं ठरवायचं?

---

गेरूची कुंडी | १४ जुलै, रात्री ९:२०

दोन जागी बघा. नखाने खोडाची साल थोडी खरवडा, वरून सुरुवात करून खाली. आत ओलं हिरवट दिसलं तिथवर जीव आहे. मग खोडापासून फूटभर लांब, सहा इंच खोल उकरून पेन्सिलहून बारीक मूळ काढा. टोक पांढरं आणि टणक असेल तर ठीक. काळपट असेल आणि चिमटीत ओढल्यावर वरचं आवरण मोज्यासारखं निघून आत नुसता दोरा उरत असेल तर कूज.

निम्मी मुळं पांढरी असतील तर प्रयत्न करा: आळं फोडा, पाणी वाहून जाईल असा वीतभर खोल चर काढा, मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचं मिश्रण लिटरला अडीच ग्रॅम, चार-पाच लिटर मुळांभोवती. पंधरा दिवसांनी पुन्हा. औषधाने चर काढायचं टळत नाही, चर आधी.

रांगेतल्या बाकीच्यांना बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) ओता, एक टक्क्याचं. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्या. मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू ओतत ढवळा. घासलेला लोखंडी विळा मिनिटभर बुडवून काढा: पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडलाय, चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा बघा. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ते कामाचं राहत नाही.

---

पानगळ | १५ जुलै, सकाळी १०:०५

उकरलं. मोजाच निघतोय, सगळीकडे. खरवडल्यावर कमरेपर्यंत साल तपकिरी. आणि उताराच्या सगळ्यात खालच्या टोकाला हेच झाड आहे, वरच्या लॉनचं पाणी तिथेच येतं.

---

आडगल्ली | १५ जुलै, सकाळी १०:३२

मग काढून टाका, मुळांभोवतीच्या मातीसकट, आणि ती माती दुसऱ्या आळ्यात टाकू नका. वापरलेलं फावडं धुवून घ्या. नवं मोरपंखीचं रोप त्या जागी इतक्यात नको. आधी लॉनच्या पाण्याला वाट करून द्या, पुढच्या उन्हाळ्यात जागा भिजवून पारदर्शक प्लॅस्टिकखाली सहा आठवडे तापवा. त्यानंतर हौदभर म्हणाले तो काठीचा प्रयोग तिथे करा आणि खूण किती उतरली ते इथे टाका. तोवर तिथे कर्दळ लावा, ओलीत खूष असते.